‘स्वीट’ म्हणजे केवळ गोड नव्हे

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास ‘स्वीट’ या शब्दाचा अर्थ विचारला की तो तत्काळ ‘गोड’ असे सांगतो. उत्तर बरोबर आहे. पण तेवढ्यावर थांबणारा विद्यार्थी पुढे अडखळतो. ‘स्वीट वॉटर’ म्हणजे साखरेचे पाणी नव्हे, तर खारे नसलेले पाणी. ‘स्वीट बटर’ म्हणजे मीठ न घातलेले लोणी. ‘स्वीट पी’ हा गोड वाटाणा नव्हे. तो सुवासिक फुलांचा वेल असून त्याचे बी खाण्याजोगे नसते.

यावरून इंग्रजी ही लहरी भाषा आहे, असे मुलांना वाटते. वस्तुतः मराठीही हेच करते. गोडे पाणी, गोडे तेल, गोडा मसाला यांत साखर कोठे असते? शब्दाचा अर्थ तो कशाच्या विरुद्ध वापरला आहे, यावर ठरतो. पाणी गोडे, कारण ते खारे नव्हे. तेल गोडे, कारण ते करंजाच्या तेलासारखे कडू नव्हे. मसाला गोडा, कारण तो जहाल तिखट नव्हे. गळा गोड असतो, बोलणे गोड असते, आणि साधा पाहुणचारही ‘गोड मानून घ्या’ असे आपण म्हणतो.

बेळगाव-निपाणीकडील मुलांस तर हा धडा बाजारातच मिळतो. मराठीत ‘खारा’ म्हणजे मिठाचा. कानडीत ‘खार’ म्हणजे तिखट. उर्दू बोलणाऱ्या घरात ‘मीठा’ म्हणजे गोड. शेजारच्या मराठी घरात ‘मीठ’ म्हणजे नमक. हे दोन्ही शब्द संस्कृत ‘मृष्ट’ या एकाच शब्दापासून आले. जेवणास रुची आणणारा पदार्थ एकाने साखर मानला, दुसऱ्याने मीठ! संक्रांतीस मराठी माणूस तिळगूळ देऊन ‘गोड बोला’ म्हणतो. कानडी माणूस एळ्ळु-बेल्ल देऊन ‘ओळ्ळे माताडि’, म्हणजे चांगले बोला, असे म्हणतो. शब्द वेगळा, भाव तोच. पाण्याबाबत तर चौघींचे एकमत आहे : गोडे पाणी, सिहि नीरु, मीठा पानी, स्वीट वॉटर. इतकेच नव्हे, तर ‘स्वीट’ आणि संस्कृत ‘स्वादु’ हे शब्द एकाच प्राचीन कुळातले आहेत.

चार भाषांमुळे आपल्या मुलांचा गोंधळ होतो, ही तक्रार पालकांकडून आम्ही वारंवार ऐकतो. आमचे मत उलट आहे. एका शब्दास एकच अर्थ नसतो, हे ज्या मुलास घरी व शेजारी कळले, त्यास परकी भाषा सोपी जाते. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलाकडून शब्दांच्या याद्या पाठ करून घेऊ नयेत. नवा शब्द कोणत्या वाक्यात आला आणि तेथे त्याच्या उलट काय, हे दोन प्रश्न त्यास विचारावेत. आणि घरची बोली बोलताना मूल शेजारची भाषा मिसळू लागले, तर त्यास रागावू नये. ती त्याची शिदोरी आहे.