अनंतातील लहानमोठेपणा

आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तेथील राजा अमोघवर्ष याच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन पंडिताने ‘गणितसारसंग्रह’ रचला. शून्याने भागलेली संख्या जशीच्या तशी राहते, असे त्यात विधान आहे. आपल्याच भूमीशी निगडित आचार्यांचे चुकले असे लिहिताना संकोच वाटतो. पण चुकले खरे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये अशा राशीला ‘खहर’ म्हटले व ती अनंत मानली. तीत काही मिळवा वा वजा करा, विकार नाही. प्रलयकाळी जीव सामावून घेणाऱ्या व सृष्टिकाळी बाहेर सोडणाऱ्या अच्युतासारखी. (आजचे गणित शून्याने भागणे मुळी मान्यच करीत नाही.)

हे ऐकून ती. बाबा म्हणाले, “झाले तर! अनंत एकच. त्यात लहानमोठे कसले?” जैन ग्रंथांत मात्र संख्यात, असंख्यात, अनंत अशा पायऱ्या असून अनंताचेही भेद सांगितले आहेत.

प्रत्येक समईत एकच वात घातली आणि समई वा वात एकही उरली नाही, तर न मोजताही दोन्ही सारख्या ठरतात. याच न्यायाने १ ला २, २ ला ४, ३ ला ६ अशा जोड्या लावाव्या. सर्व संख्या आणि केवळ सम संख्या तुल्य निघतात! निम्म्या वगळूनही उणेपणा नाही. येथवर बाबांचाच पक्ष खरा.

पण जर्मन गणिती गेऑर्ग कँटर याने १८९१ साली एक युक्ती मांडली. ती आपल्या भाषेत अशी : कधीही न संपणाऱ्या दिवसांचे व्रत कल्पा, प्रत्येक दिवशी उपवास किंवा भोजन. अशा सर्व व्रतांची पहिले, दुसरे, तिसरे अशी अनंत यादी कोणी केली. आता नवे व्रत घ्या. पहिल्या व्रतात पहिल्या दिवशी उपवास असेल तर आपण जेवावे, भोजन असेल तर उपवास करावा, दुसऱ्या व्रताच्या दुसऱ्या दिवशी असेच उलट, असे पुढे. हे व्रत यादीतील प्रत्येकाहून निदान एका दिवशी भिन्न, म्हणून यादीत नाहीच. अर्थात व्रतांचा अनंत हा संख्यांच्या अनंताहून मोठा. कँटरचे गुरू क्रोनेकर यांचा असल्या विचारांना कडवा विरोध होता.

बाबा रात्रभर गप्प होते. पहाटे काकड्याला वाती वळताना म्हणाले, “अरे, ते सुटलेले व्रत यादीच्या माथ्यावर लिहिले तर?”

“लिहावे, बाबा. मग त्या नव्या यादीवरून पुन्हा तसेच एक व्रत करावे. तेही सुटलेलेच निघते.”

त्यांनी वात हातातच धरून ठेवली.