पाण्याला डिझेलचा वास आला तर

शिरड शहापूरसारख्या गावात अनेक घरांची तहान बोअर, हातपंप आणि विहिरीवर भागते. त्याच्याच आसपास कुठे गॅरेज असते, कुठे डिझेल इंजिन, तर कुठे पेट्रोलपंपाची जमिनीखालची टाकी. सांडलेले तेल मातीत जिरते आणि आपण म्हणतो, "माती खाऊन टाकील." हे अर्धेच खरे आहे.

मातीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. त्यांतले काही पेट्रोल-डिझेलवर जगतात. आपल्याला भाकरीतून ताकद मिळते, तशी त्यांना तेलातून मिळते. हवा भरपूर असेल तर तेलाचा कर्बवायू आणि पाणी होते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्यावर आले. तेव्हा सफाईसाठी 'टेरी' संस्थेचे 'ऑइलझॅपर' हे जिवाणूंचे मिश्रण वापरले गेले.

पण किनाऱ्यावर हवा मोकळी असते, जमिनीखाली नसते. तिथला थोडासा प्राणवायू जिवाणू लवकर संपवतात. मग नायट्रेट, लोह, सल्फेट यांच्या आधाराने काम चालते, पण फार सावकाश. अमेरिकेत बेमिजी गावाजवळ १९७९ साली पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेचसे काढून घेतले, तरी उरलेले तेल चाळीस वर्षांनंतरही जमिनीखाली सापडत होते. जिवाणूंनी विष दूरवर पसरू दिले नाही, पण संपवलेही नाही. आपल्याकडे खाली काळा खडक आहे. त्याच्या भेगांतून पाणी धावते, त्यामुळे घाण लवकर विहिरीत पोहोचू शकते.

यात सर्वांत घातक बेंझिन. ते दीर्घकाळ पोटात गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एक लाख लिटर पाण्यात फक्त एक ग्रॅम. तुरटी किंवा ब्लिचिंग पावडरने ते जात नाही. उकळण्यावरही विसंबू नका, कारण वाफेबरोबर ते घरातच पसरते.

म्हणून एवढे करा :

१. पाण्याला रॉकेल-डिझेलचा वास आला किंवा तेलाचा तवंग दिसला, तर पिणे आणि स्वयंपाक लगेच थांबवा. लहान मुले व गरोदर बायांना आधी जपा.

२. ग्रामपंचायतीला आणि औंढा नागनाथ तहसील कार्यालयाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. "पेट्रोल-डिझेलचा संशय" असे स्पष्ट लिहा. नेहमीच्या तपासणीत हे पाहिले जात नाही.

३. दुसऱ्या पाण्याची सोय होईपर्यंत टँकर मागा.

४. जळके ऑइल बोअरजवळ, नालीत ओतू नका. डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या.

वास नाही म्हणजे पाणी शुद्धच, असेही नाही. शंका असेल तर तपासणी मागा. विहारातल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. जिवाणू आपले काम करतीलच, पण त्यांच्या भरवशावर लेकरांना ते पाणी पाजू नका.