कोंड्यातील सत्त्व

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. कडकडून भूक लागलेल्या माणसाला कोंडाही गोड लागतो आणि झोप अनावर झाली म्हणजे धोंडाही उशीला चालतो, असा तिचा अर्थ. कोंडा म्हणजे धान्याचा अगदी टाकाऊ भाग, असाच समज या म्हणीच्या मुळाशी आहे. परंतु तांदळाचा हाच टाकाऊ कोंडा फेकून दिल्यामुळे एके काळी हजारो माणसे प्राणांस मुकली, आणि त्याचे मोल कळल्यावर अनेकांचे प्राण वाचले. ती हकिकत मोठी बोधप्रद आहे.

खळ्यावरून घरी येते ते भात, म्हणजेच साळ. तिच्यावर पिवळसर, खरखरीत कवच असते, त्याला तूस म्हणतात. तूस माणसाला पचत नाही. ते काढावेच लागते. तूस काढले की आतून तपकिरी किंवा तांबूस दाणा निघतो. त्या दाण्यावर पातळ पापुद्र्यांचा एक थर असतो. हाच कोंडा. दाण्याच्या एका टोकाला इवलासा अंकुर चिकटलेला असतो. कोंडा आणि अंकुर निघून गेले म्हणजे उरतो तो पांढराशुभ्र तांदूळ. या पांढऱ्या भागात मुख्यतः पिष्ट असते. त्यापासून शरीराला काम करण्याची शक्ती मिळते. मात्र दाण्यातील तेल, क्षार आणि जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात साठविलेला असतो.

पूर्वी घरोघरी भात उखळात घालून मुसळाने सडत असत. हाताने सडताना तूस निघे, पण कोंड्याचा काही थर दाण्यावर राहून जाई. असा हातसडीचा तांदूळ दिसायला थोडा मळकट आणि शिजायला थोडा उशीर लावणारा. पण चवीला गोड आणि पोटाला भरीव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या शक्तीवर चालणाऱ्या गिरण्या आग्नेय आशियात पसरल्या. या गिरण्या कोंड्याचा कणही न ठेवता तांदळाला मोत्यासारखी झिलई देत. असा तांदूळ लवकर खवट होत नसे, कारण तेलाचा अंश कोंड्याबरोबरच निघून जाई. साहजिकच सैन्य, जहाजे, तुरुंग आणि मळे यांसाठी तोच खरेदी होऊ लागला. पांढरा तांदूळ खाणे हे प्रतिष्ठेचेही लक्षण झाले.

याच सुमारास त्या देशांत बेरीबेरी नावाचा रोग बळावला. हे नाव सिंहली भाषेतील, अशक्तपणाचा अर्थ असलेल्या शब्दावरून आले असे मानतात. रोग्याचे पाय जड होत, बधिर पडत, पुढे लुळे होत. काहींच्या अंगावर सूज येई आणि अखेर हृदय थकून मृत्यू ओढवे. त्या काळी अनेक रोगांचे जंतू नुकतेच सापडले होते. त्यामुळे बेरीबेरीचाही एखादा जंतू असला पाहिजे, असे डॉक्टरांना वाटे.

हा जंतू शोधण्यासाठी इ. स. १८८६ मध्ये डच सरकारने काही डॉक्टर जावा बेटावरील बटाव्हिया शहरी पाठविले. बटाव्हिया म्हणजे आजचे जकार्ता. त्यांच्याबरोबर ख्रिस्तियान आइकमन हा तरुण डॉक्टरही प्रयोगशाळेत काम करू लागला. प्रयोगासाठी त्याने कोंबड्या पाळल्या होत्या. एकदा त्या कोंबड्या आपोआप आजारी पडल्या. त्यांचे पाय लटपटू लागले, त्या तोल जाऊन पडू लागल्या. हुबेहूब बेरीबेरीच! परंतु जंतू काही केल्या सापडेना. आणि काही महिन्यांनी, कसलेही औषध दिलेले नसताना, कोंबड्या पुन्हा ठणठणीत बऱ्या झाल्या.

आइकमनने बारकाईने चौकशी केली. तेव्हा असे उघडकीस आले की, मधल्या काळात या कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उरलेला पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. पुढे तेथे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना देण्यास त्याने साफ नकार दिला. त्यामुळे कोंबड्यांच्या वाट्याला पुन्हा साधा, न सडलेला तांदूळ आला, आणि त्या बऱ्या झाल्या. एका आचाऱ्याच्या हट्टामुळे असा एक मोठा धागा हाती लागला. आइकमनने मुद्दाम पांढरा तांदूळ खाऊ घालून कोंबड्यांना आजारी पाडले आणि कोंडा देऊन त्यांना बरे केले.

पण कोंबड्यांना लागू पडते ते माणसांना पडेलच असे नाही. म्हणून फोर्डरमन नावाच्या अधिकाऱ्याने जावातील तुरुंगांची पाहणी केली. जेथे कैद्यांना पांढरा तांदूळ मिळे, अशा ५१ तुरुंगांपैकी ३६ तुरुंगांत बेरीबेरी आढळला. जेथे कोंडा न काढलेला तांदूळ मिळे, अशा ३७ तुरुंगांपैकी केवळ एकाच तुरुंगात तो आढळला!

आइकमनला प्रथम वाटले की पांढऱ्या तांदळात काही विष असावे आणि कोंड्यात त्यावर उतारा असावा. त्याच्यानंतर तेथे काम करणाऱ्या ग्राइन्सने १९०१ मध्ये खरे कारण सांगितले. तांदळात विष मुळीच नव्हते; शरीराला अवश्य असणारा एक पदार्थ कोंड्याबरोबर फेकला जात होता. तोवर रोग म्हणजे शरीरात काहीतरी वाईट शिरणे, अशी कल्पना होती. काही चांगले न मिळाल्यानेही रोग होतो, हा विचार नवा होता. पोलंडचा शास्त्रज्ञ कासिमिर फुंक याने १९१२ मध्ये अशा पदार्थांना 'व्हिटॅमिन' हे नाव सुचविले. मराठीत त्यांनाच जीवनसत्त्वे म्हणतात.

त्याच काळात फिलिपाइन्समधील मनिला शहरी अनेक तान्ही मुले बेरीबेरीने दगावत होती. त्यांच्या मातांच्या आहारात पांढरा तांदूळच मुख्य असल्याने आईच्या दुधातही ते सत्त्व उतरत नव्हते. रॉबर्ट विल्यम्स या रसायनशास्त्रज्ञाने कोंड्याचा अर्क तयार केला. तो अर्क थेंबाथेंबाने पाजताच मरणासन्न बालके काही तासांत डोळे उघडून पाहू लागली. विल्यम्सचा जन्म भारतात, नेल्लोर येथे झाला होता. पुढे १९३६ मध्ये त्यानेच हे जीवनसत्त्व, म्हणजे 'ब-१', प्रयोगशाळेत बनविण्याची रीत शोधून काढली. आइकमनला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

यांत एक गोष्ट फार विचार करण्याजोगी आहे. मलायातील मळ्यांवर तमिळ मजूरही तांदूळच खात, पण त्यांना बेरीबेरी क्वचितच होई. ते उकडा तांदूळ खात असत. कोकणातील व गोव्यातील लोकांना हा तांदूळ चांगला परिचित आहे. त्यासाठी तुसासकट भात आधी पाण्यात भिजवतात, मग उकडतात आणि उन्हात वाळवून नंतर सडतात. भिजताना व उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वाचा काही अंश पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यात मुरतो. मग वरचा कोंडा निघून गेला तरी तो अंश आत सुरक्षित राहतो. जीवनसत्त्व हा शब्दही जन्माला आला नव्हता, तेव्हापासून स्वयंपाकघरांनी ही युक्ती जपली होती. उकड्या तांदळाची पेजही अशीच गुणाची. ब-१ जीवनसत्त्व पाण्यात सहज विरघळते. भात वेळून पाणी फेकून दिले तर ते मोरीत वाहून जाते. पेज प्यायली तर ते पोटात जाते. तांदूळ अनेक पाण्यांनी चोळून धुतल्यानेही त्याचा नाश होतो.

याचा अर्थ पांढरा तांदूळ अपायकारक आहे, असा मात्र नव्हे. ताटात भाताबरोबर डाळ, उसळ, भाकरी, तीळ, शेंगदाणे आणि पालेभाजी असली म्हणजे एका पदार्थातील उणीव दुसरा भरून काढतो. ज्याच्या ताटात भाताखेरीज फारसे काही नसते, त्याला मात्र तांदळाचा प्रत्येक गुण हवा असतो. हे मोल ध्यानात घेऊन आता कोंड्यापासून खाण्याचे तेलही काढले जाते.

शुभ्रता डोळ्यांना सुखविते. शरीर मात्र रंग पाहत नाही, सत्त्व पाहते. म्हणून कोणतीही वस्तू टाकाऊ ठरविण्यापूर्वी तिच्यात काय दडले आहे, हे शोधून पाहणे शहाणपणाचे असते.

स्वाध्याय

१. हातसडीचा तांदूळ आणि गिरणीत झिलई दिलेला तांदूळ यांत कोणता फरक असतो?
२. नव्या आचाऱ्याच्या नकारामुळे आइकमनला कोणता धागा मिळाला?
३. ग्राइन्सचा विचार नवा का होता?
४. उकडा तांदूळ तयार करण्याची कृती सांगा व तिचा फायदा स्पष्ट करा.
५. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, पेजेचे व कण्यांचे कोणते पदार्थ करतात याची माहिती लिहा.