बार्बारेस्को येथील सहकारी मद्यशाळा

इटलीच्या वायव्येस पिएमाँते प्रांतात बार्बारेस्को हे डोंगरउतारावरील लहानसे गाव आहे. तेथील मुख्य द्राक्ष नेब्बिओलो होय. ही जात लवकर फुटते, परंतु पिकते उशिरा, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणून तिला दक्षिणेकडे उतरणारी उबदार जमीन देतात. अधिक आंबट बार्बेरा व लवकर पिकणारी दोलचेत्तो या जाती इतर उतारांवर लावतात. जमीन पाहून जात निवडावी, हा तेथील पहिला धडा होय.

पूर्वी येथील द्राक्षे शेजारच्या बारोलो मद्याचे उत्पादक विकत घेत. गावाचे नाव कोठेही होत नसे. सन १८९४ मध्ये आल्बा येथील मद्यविद्यालयाचे प्रमुख दोमित्सिओ काव्हात्सा यांनी ९ बागाइतदारांना एकत्र आणून सहकारी मद्यशाळा काढली. पुढे फॅसिस्ट राजवटीत ती बंद पडली. सन १९५८ मध्ये गावच्या धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९ लहान शेतकऱ्यांनी सहकार पुन्हा उभा केला.

सभासदाने आपली सर्व नेब्बिओलो द्राक्षे संस्थेस घालावयाची असतात. मोबदला केवळ वजनावर नव्हे, तर प्रतीवर ठरतो. त्यामुळे वेलीवरील घड विरळ करण्याचे श्रम वाया जात नाहीत.

बार्बारेस्को मद्य किमान २६ महिने मुरवावे लागते, त्यांपैकी ९ महिने लाकडी पिंपात. एकटा लहान बागाइतदार पैशांसाठी इतके दिवस थांबू शकत नाही. संस्था थांबू शकते. सहकाराचे खरे बळ या थांबण्यात आहे, हे ग्रामसेवकांनी ध्यानी घ्यावे.