आवळून ठिबकणं थांबत नाही

प्रश्न : स्वयंपाकघरातला नळ कितीही आवळला तरी ठिबकतो. पाणी बोअरचं आहे. घरीच दुरुस्त करता येईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : येईल. पण आधी ते आवळणं थांबवा; त्यानं वायसर अजून चेपतो. मूठ दोन-तीन फेरे फिरत असेल तर आत रबरी वायसर आहे. पाव फेऱ्यात नळ बंद होत असेल तर सिरॅमिक चकत्यांचा स्पिंडल.

टाकीकडून येणारा कॉक बंद करून नळातलं पाणी काढून टाका. सिंकच्या भोकात फडकं कोंबा, कारण स्क्रू नेमका तिथेच जातो. मूठ काढा, पान्ह्यानं स्पिंडल सोडवा आणि तोच घेऊन दुकानात जा. नुसतं मॉडेल सांगून आणलेला स्पिंडल बहुधा बसत नाही. आटे आणि लांबी कंपनीगणिक बदलतात. वायसर मात्र काही रुपयांत मिळतो.

बोअरच्या जड पाण्यात खरा दोष अनेकदा वायसरचा नसतोच. तो ज्या पितळी कडेवर टेकतो तिथे क्षाराचा पांढरा थर साचतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस थोडा वेळ ठेवून तो पुसा. ॲसिड नको, मुलामा जातो. कडेला खड्डे पडले असतील तर नवा वायसरही टिकणार नाही. सरळ नळ बदला.

पाणी नळातून नव्हे, भिंतीतून झिरपत असेल तर पान्हा खाली ठेवा. जुना गंजका पाइप आतच मोडला तर टाइल फोडावी लागते. तिथे प्लंबरच हवा.