संग्रहालयातील पक्ष्याच्या पायाची चिठ्ठी

ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील शाळांच्या सहली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेहमी जातात. तेथील निसर्गविज्ञान विभागात काचेमागचे प्राणी व पक्षी तुम्ही पाहिले असतील. परंतु निसर्गसंग्रहालयाचा मोठा ठेवा काचेमागे मांडलेला नसतो. तो आतल्या खोल्यांत, कपाटांच्या खणांत असतो. असा खण ओढला तर पक्षी उताणे, ओळीने ठेवलेले दिसतात. पोटात कापूस भरलेला, पंख अंगालगत मिटलेले आणि पायाला दोऱ्याने बांधलेली एक लहानशी चिठ्ठी! एकाच जातीचे असे कितीतरी नमुने शेजारी शेजारी असतात. तुमच्या मनात साहजिकच प्रश्न येईल, मेलेले इतके पक्षी जपून ठेवण्याचा उपयोग काय?

संग्रह कसा जमला?

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ निसर्गप्रेमी एकत्र आले व त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. आपापले नमुने दाखवावेत, टिपणांची देवाणघेवाण करावी, एवढाच आरंभी हेतू होता. पुढे संस्थेचे नियतकालिक निघाले, संग्रह वाढला. १९२३ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा, निसर्गविज्ञान विभाग सुरू झाला तो या संग्रहाच्या आधारावरच. संस्थेचे स्वतःचे संशोधनासाठीचे नमुने आज लाखाहून अधिक आहेत.

१९०८ साली सलीम अली नावाचा एक मुलगा एक मेलेली चिमणी घेऊन या संस्थेत गेला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, एवढेच त्याला विचारायचे होते. संस्थेचे मिलार्ड यांनी ती रानचिमणी आहे हे तर सांगितलेच, शिवाय खण उघडून त्याला संग्रहातले पक्षी दाखवले. हाच मुलगा पुढे भारतातील थोर पक्षिशास्त्रज्ञ झाला.

चिठ्ठीचे महत्त्व

प्रयोगशाळेत तुम्ही लोलकाची लांबी मोजून वहीत नुसते ‘९८’ लिहिले, तर शिक्षक मान्य करतील काय? ९८ मिलीमीटर की सेंटीमीटर? कोणत्या लोलकाची? एककाशिवाय व नोंदीशिवाय आकड्याला अर्थ नाही. नमुन्याचेही तसेच आहे. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणी मिळवला, नर की मादी, हे सारे चिठ्ठीवर असते. चिठ्ठी हरवली की उरते ते केवळ पिसांचे गाठोडे. एकाच जातीचे अनेक नमुने का ठेवतात, याचे उत्तरही प्रयोगशाळेतच आहे. एका वाचनावर आपण विसंबत नाही. अनेक वाचने घेतो, त्यांची सरासरी काढतो आणि वाचनांमध्ये फरक किती पडतो तेही पाहतो.

कवच किती जाड?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्यांची संख्या झपाट्याने घटली. घरट्यांत फुटलेली अंडी आढळू लागली. पूर्वीच्या अंड्यांची कवचे अधिक जाड होती काय, हे कसे ठरवणार? संग्रहांत जुनी अंडी होती, पण जाडी मोजण्यासाठी ती फोडणे शक्य नव्हते. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने साधी युक्ती केली. आतील द्रव काढून टाकलेल्या अंड्याच्या कवचाचे वजन मिलीग्रॅममध्ये घ्यायचे आणि त्याला मिलीमीटरमधील लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागायचे. समजा, अंडे ५० मिमी लांब व ४० मिमी रुंद आहे आणि कवचाचे वजन ३,६०० मिग्रॅ आहे. मग ३,६०० भागिले २,००० म्हणजे १.८. त्याच आकाराच्या दुसऱ्या अंड्याचे उत्तर १.५ आले, तर त्याचे कवच पातळ!

चिठ्ठ्यांवरील तारखांप्रमाणे ही उत्तरे मांडल्यावर १९४७ च्या सुमारास ती एकदम खाली आलेली दिसली. घट जवळजवळ एक-पंचमांश होती. डीडीटीचा वापर पसरला तो याच काळात. रॅटक्लिफ यांनी हे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. ही अंडी जमवणाऱ्यांना डीडीटीचे नावही ठाऊक नव्हते, पण त्यांनी तारीख लिहून ठेवली होती.

खोटी चिठ्ठी आणि रानपिंगळा

आता दुसरी, आपल्या महाराष्ट्रातील गोष्ट. रानपिंगळा हा सुमारे २३ सेंटीमीटर लांबीचा पक्षी. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे जगातील संग्रहालयांत त्याचे अवघे सात नमुने जमले. १८८४ नंतर तो कोणालाच मिळाला नाही. अपवाद एकच. रिचर्ड माइनर्टझ्हागेन यांच्या संग्रहातील नमुन्यावर ‘१९१४, मांडवी, गुजरात’ अशी चिठ्ठी होती. या नोंदीने कित्येक शोधकांची दिशाभूल झाली.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांना या नमुन्याविषयी शंका आली. त्याची तपासणी झाली, क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली. तेव्हा पक्षी उसवून नव्याने भरल्याचे उघड झाले आणि पहिल्या भरणीच्या खुणा आत सापडल्या. डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेल्या पक्ष्यांची भरण्याची पद्धत हीच होती. म्हणजे ब्रिटिश म्युझियममधील जुना नमुना चोरून त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती! लक्षात घ्या, हा पक्षी मिळवला तेव्हा क्ष-किरणांचा शोधच लागला नव्हता. तो लागला १८९५ मध्ये. नमुना टिकला, म्हणूनच नंतरच्या उपकरणाला त्याची साक्ष घेता आली.

खोटी नोंद बाजूला झाल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे तेवढी उरली. त्यांच्या आधारे रासमुसेन व त्यांचे दोन सहकारी शोध घेत निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! २०१४ मध्ये तर तो आपल्या ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल ज्या आटगाव स्थानकावर थांबते, तेथून हे जंगल दूर नाही.

तुम्ही काय करू शकाल?

पक्षी, अंडी वा घरटी गोळा मात्र करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे, आणि आज त्याची गरजही नाही. एक वही घ्या. ठाण्याच्या खाडीतील रोहित, उल्हास नदीकाठचे बगळे किंवा शाळेच्या आवारातील पिंपळावरचे पक्षी, यांपैकी काहीही निवडा. तारीख, वेळ, नेमकी जागा, संख्या आणि तुमचे नाव लिहा. पक्षी दिसला नाही, तर ‘दिसला नाही’ हेही लिहा. ओळखीविषयी शंका असेल तर शंका नोंदवा, अंदाजाने नाव ठोकून देऊ नका. शिक्षकांनी अशा वह्या वर्षअखेर शाळेच्या प्रयोगशाळेत जपून ठेवाव्यात. वीस वर्षांनी कोणी कोणता प्रश्न घेऊन त्या उघडील, हे आज सांगता येत नाही. त्याला उत्तर मिळेल की नाही, हे तुमची नोंद पूर्ण आणि खरी आहे की नाही यावर ठरेल.