कापलेला कर पोचला कोणाच्या नावावर?

कुर्ल्यात सीएसटी रोड ते एलबीएस मार्ग या पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांची करविषयक कामं मी करतो. फॅब्रिकेशनवाले, पॅकिंगचे खोके बनवणारे, कपडे शिवून देणारे. यांच्याकडे पगारावर मोजकी माणसं असतात, बाकी सगळं ठेक्यावर: वेल्डिंगचा मुकादम, जॉबवर्कवाला, टेम्पोवाला. त्यामुळे वर्षअखेरीला पगाराचा फॉर्म २४क्यू लवकर आटोपतो आणि ठेकेदारांचा २६क्यू घाम काढतो.

एका कारखान्याची फाइल दुसरीकडून माझ्याकडे आली. शेठ व्यवहाराला चोख. कर (टीडीएस) दरमहा कापलेला, चलनं तारखेच्या आत भरलेली, रिटर्नही वेळेवर. तरी जुलैत वेल्डिंगचा मुकादम दारात उभा. “साहेब, शेठनी वर्षभर माझे पैसे कापले. माझ्या नावावर एक रुपया दिसत नाही.” चार लाखांच्या कामावर एक टक्का, म्हणजे ४,००० रुपये. त्याचा २६एएस, म्हणजे नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडला, तर खरंच कोरा.

रिटर्नमध्ये मुकादमाच्या नावापुढे त्याच्या भावाचा पॅन होता. दोघंही कधीकाळी त्याच कारखान्यात कामाला होते. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर कार्डाचा फोटो पाठवला आणि तोच नंबर चढला. नंबर खरा असल्यामुळे सॉफ्टवेअरने हरकत घेतली नाही. आता भावाच्या नावावर न कमावलेले चार लाख दिसत होते आणि मुकादमाचा परतावा अडला होता. दुरुस्तीचं रिटर्न भरलं, ते प्रोसेस होईपर्यंत दोघांनीही आपापली विवरणपत्रं थांबवली.

तेव्हापासून प्रत्येक पक्षकाराला पहिल्याच बैठकीत सांगतो: चलन भरलं म्हणजे सरकारला पैसे मिळाले, एवढंच. ते कोणाचे, हे रिटर्न सांगतं. तिथली ओळ चुकली, तर भोगणारा माणूस आपल्याला फी देत नाही, म्हणून त्याची आठवणही राहत नाही. पुढच्या सूचना त्याच्याकडे बघून लिहिल्या आहेत.

(१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. खालचे फॉर्म आणि आकडे १९६१च्या कायद्याचे, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या व्यवहारांचे आहेत.)

पहिल्या बिलाआधी पॅन

कार्डाचा फोटो हा पुरावा धरू नका. ट्रेसेस पोर्टलवर पॅन टाकून समोर येणारं नाव बिलावरच्या नावाशी ताडून पाहा. पॅनचं चौथं अक्षर बघा. पी म्हणजे व्यक्ती, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. या दोघांना ठेक्याच्या कामावर १ टक्का. एफ म्हणजे भागीदारी फर्म, सी म्हणजे कंपनी; त्यांना २ टक्के.

पॅन आधारशी जोडलेला नसेल, तर तो निष्क्रिय ठरतो आणि दर २० टक्क्यांवर जातो. चार लाखांवर ४,००० कापले आणि प्राप्तिकर खातं ८०,००० मागतंय, म्हणजे ७६,००० ची मागणी थेट शेठच्या अंगावर. ठेकेदाराचे पैसे तोवर चुकते झालेले असतात आणि दिलेले पैसे परत मागायला कोणाची जीभ रेटत नाही.

मर्यादा वर्षाची मोजा

मालक व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल आणि आदल्या वर्षीची धंद्याची उलाढाल एक कोटीच्या आत असेल, तर ठेक्यावर कर कापावा लागत नाही. पगाराला ही सवलत नाही. ठेक्यात एक बिल ३०,००० च्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज १,००,००० च्या वर गेली, की कापणी लागू. चोवीस हजारांची बिलं देणारा ठेकेदार चार बिलांपर्यंत मर्यादेत राहतो. पाचव्याला बेरीज १,२०,००० होते आणि कर पूर्ण रकमेवर लागतो: १,२०० रुपये. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल, तर तो वगळून हिशोब करा.

हे पाचवं बिल बहुधा मार्चमध्येच येतं. बिल एप्रिलमध्ये आलं तरी ३१ मार्चला खर्चाची नोंद ठेकेदाराच्या खात्यावर टाकली, की कर त्याच दिवशी कापलेला हवा. कापला नाही, तर त्या खर्चाचा ३० टक्के भाग नफ्याच्या हिशोबात नामंजूर होतो.

टेम्पोवाल्याचं वेगळं. वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या वाहतूकदाराने पॅनसह तसं लिहून दिलं, तर कर कापायचा नाही. मात्र त्याची ओळ २६क्यू मध्ये ‘टी’ हे कारण टाकून दाखवावीच लागते. कापलंच नाही, म्हणून दाखवलंही नाही, ही चूक कुर्ल्यात घरोघरी आहे.

तारखा आणि त्यांची किंमत

दर महिन्याचा कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, फक्त मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. फेब्रुवारीत कापलेला कर ८ मार्चला भरला, तर उशीर एका दिवसाचा, व्याज मात्र फेब्रुवारी आणि मार्च अशा दोन महिन्यांचं, दीड टक्क्याने तीन टक्के.

शेवटच्या तिमाहीचं रिटर्न ३१ मेपर्यंत. पुढे रोज २०० रुपये. चाळीस दिवस उशीर म्हणजे ८,०००. त्या तिमाहीचा कर ६,००० असेल, तर शुल्क ६,००० वर थांबतं. पूर्वी वर्षभराच्या आत रिटर्न भरलं, तर वेगळा दंड टळायचा. १ एप्रिल २०२५ पासून ही मुदत एक महिना झाली आहे आणि तो दंड १०,००० पासून एक लाखापर्यंत जातो.

पगाराच्या फॉर्मबद्दल थोडं

चौथ्या तिमाहीच्या २४क्यू मध्ये प्रत्येकाच्या वर्षभराच्या पगाराचं परिशिष्ट असतं. जानेवारीतच कामगारांकडून लेखी घ्या, जुनी करप्रणाली की नवी. काहीच न सांगितल्यास नवी धरली जाते. तिच्यात २०२५-२६ साठी १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर नाही, त्यामुळे छोट्या कारखान्यात कापणी बहुधा शून्य येते. मधेच दुसरीकडून आलेल्या माणसाचा आधीचा पगार मात्र विचारून घ्या.

व्यवसाय कर हे राज्याचं वेगळं प्रकरण आहे: दरमहा २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००, दरमहा २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो नाही. तो कापला म्हणजे टीडीएस कापला, असं समजणारे शेठ मला दरवर्षी भेटतात.

चाव्या कोणाकडे?

त्या मुकादमाच्या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ गेला, तो ट्रेसेसचा पासवर्ड मिळवण्यात. खात्यावर मोबाइल आणि ईमेल जुन्या सल्लागाराचा होता. पासवर्ड नव्याने घ्यायला आधीच्या रिटर्नचा टोकन नंबर आणि चलनाचे तपशील लागतात, तेही शेठकडे नव्हते. शेठ, खात्यावर नंबर आणि ईमेल तुमचाच ठेवा. प्रत्येक तिमाहीची पावती, चलनं आणि रिटर्नची फाइल स्वतःकडे मागून घ्या. आम्ही सल्लागारांनी ती न मागता द्यावी.

रिटर्न प्रोसेस झाल्यावर कर कापल्याचे दाखले, म्हणजे पगाराचा फॉर्म १६ आणि ठेकेदारांचा १६ए, ट्रेसेसवरूनच उतरवून १५ जूनपर्यंत द्यायचे असतात. न दिल्यास रोज ५०० रुपये दंडाची तरतूद आहे. हाताने टाइप केलेल्या १६ए ला अर्थ नाही. फॉर्म हातात देताना ठेकेदाराला त्याच्याच मोबाइलवर २६एएस उघडायला सांगा. रक्कम दोन्हीकडे सारखी दिसली, की फाइल बंद करा. फरक निघालाच, तर विवरणपत्राच्या मुदतीला अजून निदान दीड महिना असतो आणि दुरुस्तीला तेवढा पुरतो.